मुलींच्या वसतिगृहातली शेवटची खाट

आमच्या गावची मुले कॉलेजात का जात नाहीत? अर्ज चुकतात म्हणून! आणि अर्ज का चुकतात? ते मी भरत नाही म्हणून! शिक्षकांच्या खोलीत टेबलावर हात आपटून मी हे जाहीर केले आणि बारावीच्या तेवीस मुलांना संगणकासमोर बसवले.

"आधी मी माझ्या नावाने नमुना अर्ज भरतो. नीट बघा!"

नमुनाच भरायचा तर कंजुषी कशाला? मी स्वतःला शहाण्णव टक्के दिले. वसतिगृहाचा रकाना आला तेव्हा शेजारी सुताराची मुलगी उभी होती. वर्गात पहिली. कॉलेज चार तासांवर, त्यामुळे वसतिगृहात खाट मिळाली तरच वडील तिला पाठवणार होते. तिला समजावे म्हणून मी 'मुलींचे' यावर खूण केली. "आणि शेवटी हे बटण!" म्हणत ते दाबूनही दाखवले.

पंधरा दिवसांनी मुलगी रडत आली.

"सर, मी प्रतीक्षा यादीत पहिली. खाटा संपल्या."

"शेवटची कोणी लाटली?" मी गरजलो.

"तुम्ही."

मी तडक कॉलेजात फोन लावला. कारकूनबाई म्हणाल्या, "प्रवेश रद्द करायला विद्यार्थ्याने आज पाचच्या आत समक्ष यायचं. मूळ गुणपत्रिका आणि पालकांची सही लागेल."

"अहो बाई, मी त्रेपन्न वर्षांचा आहे!"

"मग पालकांना हाताला धरून आणा."

घरी पोचलो. कॉलेजातून बोलावणे म्हटल्यावर एकोणऐंशी वर्षांच्या बाबांनी इस्त्रीचा सदरा चढवला. बायकोने विचारले, "डबा देऊ का? पहिला दिवस आहे ना!" मी दात-ओठ खात ट्रंक उपसली, सुताराला आणि मुलीला जीपमध्ये घातले आणि निघालो.

कॉलेजच्या खिडकीशी पोचलो तेव्हा पाचाला दहा कमी.

"सही कसली?" बाबांनी विचारले.

"चिरंजीव प्रवेश सोडताहेत," बाई म्हणाल्या.

"शहाण्णव टक्के मिळवून? जन्मात पहिल्यांदा पोराने नाव काढलं! मी मुळीच सही करणार नाही!"

"बाबा, ते मार्क खोटे आहेत!"

"चारचौघांत स्वतःला असं कमी लेखू नये रे."

पाचाला चार कमी. मुलगी घड्याळाकडे बघत होती. सुताराने तिच्या खांद्यावरची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. घरी परतायची तयारी! पस्तीस वर्षे ट्रंकेच्या तळाशी दडवलेली गुणपत्रिका मी बाबांच्या हातात दिली.

बाबांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचले, "गणित, एकोणतीस."

खिडकीमागचे टंकलेखनही थांबले.

"तू तर मला एकाहत्तर सांगितले होतेस!"

"फेरपरीक्षेत सुटलो होतो, बाबा. सही..."

बाबांनी इतक्या जोरात सही केली की कागद फाटला. "घ्या! आणि याला पुन्हा कुठंही घेऊ नका!"

मुलीला खाट मिळाली. सुताराने मला घट्ट मिठी मारली. तेवढ्या वेळापुरते मला फार बरे वाटले. परवा तिचा फोन आला होता. पुढच्या वर्षीचे अर्ज ती स्वतः येऊन भरून देणार आहे. "सर, तुम्ही फक्त बघा," म्हणाली.

तसाही मला वेळ नसतो. रोज संध्याकाळी बाबा समोर बसवून पाढे म्हणवून घेतात. काल सतराच्या पाढ्याला अडलो.