तुळशीरामकाकांचा मितान

अन्याय झाला तो आमच्या कुडवा गावच्या तुळशीरामकाकांवर. गेल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, गोंदियातल्या एका कुरिअरच्या खिडकीवर.

"रशिया? बुकिंग बंद है, बाबाजी. और भेजना किसको है? नाम तो बोलो."

"मितानचं नाव घेत नसतात," काका म्हणाले.

"तो पहले बाल कटवा लो!" खिडकीतला कारकून म्हणाला.

अख्खी रांग हसली. काकांना गाडीवर बसवून मीच नेलं होतं. मी भांडलो. काकांनी पत्राचं पाकीट छातीशी धरलं.

काकांचे केस खांद्याखाली आलेत, हे खरं. पण माझ्या लहानपणी हेच डोकं दर रविवारी न्हाव्यापुढे असायचं. काका हवाई दलात विमानाचे मिस्त्री होते. तेव्हा विमानं रशियाची, ती शिकवायला आलेला मिस्त्रीही रशियाचा. काकांची आई छत्तीसगढची. तिच्या रीतीनं काकांनी त्याला नारळ देऊन मितान केलं. मितान म्हणजे जन्माचा जोडलेला भाऊ. त्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. त्यानं नारळाच्या बदल्यात पाना दिला. त्या पान्यानं काकांनी निम्म्या कुडव्याचे पंप दुरुस्त केले. लपाछपीत आम्ही काकांचं रशियन "अदीन, द्वा, त्री" मोजायचो. दवनीवाड्याची पाहुणी पोरं समजायची, मंत्र मारून राहिले.

मग दिल्लीचं मन वळलं. विमानं फ्रान्सची, इंजिनं अमेरिकेची. काका ओसरीवर पेपर आपटायचे, "बाबू, नवी सोयरीक करून राहिले ना? करा! पण जुन्या व्याह्याले निरोप तरी द्याल का नाही?"

काकू आतून म्हणायच्या, "हो, तुमाले इचारूनच तं करते दिल्ली!"

पुढे तिकडं रशियाची लढाई पेटली. मितानची पत्रं थांबली. त्याच महिन्यापासून काका न्हाव्याकडे फिरकले नाहीत.

सोमवारी परत येताना मी चिडून म्हटलं, "काका, काऊन वाढवता हे केस? लोक हसतात."

काका मागून म्हणाले, "मितान गेला तं भावासारखं डोक्यावरचे केस उतरवा लागते, बाबू. तो हाये का गेला, मले मालूम नाही. वस्तरा लागला, तं मीच त्याले मारल्यासारखं होईल."

मंत्र्यांकडे मी काही मागत नाही. तुमच्याकडे मागतो. आपल्या भागातली पोरं रशियात डॉक्टरकी शिकायला जातात. तुमच्या घरातलं एखादं असेल, तर कुडव्याला या, माझ्याकडून पत्ता घ्या आणि त्याला मितानचं दार वाजवून तो आहे का बघायला सांगा. आजच सांगा.