शोभेची शेकोटी

"डॅड, ही नुसती शोभेची आहे हं. हात लावायचा नाही," कोरीनने बजावले.

नाताळ तोंडावर आला होता आणि व्हरमाँटमधल्या माहेरच्या घराला ऊब आणायचा तिने चंगच बांधला होता. दिवाणखान्याच्या भिंतीतल्या शेकोटीवरच्या फळीवर देवदाराच्या माळा, लाल फिती. खाली चकचकीत पितळी चिमटा, सळई, भाता. शेकोटीत बर्चचे पांढरे ओंडके रचून त्यांवर चिमुकल्या दिव्यांची माळ. सगळे होते, फक्त विस्तव नव्हता.

"मग काय नुसतं बघून गरम व्हायचं?" एल्डन म्हणाला.

"मी विजेची आणलीय. बटण दाबलं की झालं. ही सुट्टीनंतर विटांनी बुजवू. आईशिवाय तुम्हाला कुठे पेटवता येते?"

हे म्हाताऱ्याच्या वर्मी लागले. बायको विनिफ्रेड गेल्यापासून दोन हिवाळे शेकोटी थंड होती. चाळीस वर्षे दोघे रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून भांडले होते. ती बुजली म्हणजे विनिफ्रेड दुसऱ्यांदा जाणार, असे त्याला वाटत होते.

कोरीन पाव आणायला बाहेर पडली आणि एल्डनने दिव्यांची माळ काढून काडी ओढली. बर्चची साल झकास पेटली. धूर मात्र वर जायचा सोडून दिवाणखान्यात आला. धुराड्याची झडप ओढून पाहिली, तर ती उघडीच. भात्याने धूर हाकलायला गेला, तर आग दुप्पट. ओंडके मागे घ्यावेत म्हणून चिमटा धरला, तर तो पहिल्याच ओंडक्याला वाकला. तेवढ्यात छताला लावलेल्या धुराच्या इशारायंत्राने किंचाळायला सुरुवात केली.

शेजारचा बर्टन गावच्या हौशी अग्निशामक पथकाचा प्रमुख. वर्षभर बंब पुसण्यापलीकडे त्याला काम नव्हते. तो अंगणातूनही येऊ शकला असता, पण बंब आणि पथक घेऊन, घंटा वाजवत आला.

"अरे म्हाताऱ्या, घर शेकतोयस की काय?" म्हणत त्याने ओंडक्यांवर राख ओतली.

कोरीन परतली तेव्हा माळा काळ्या झाल्या होत्या आणि बापही. "संपलं!" ती म्हणाली. "उद्याच विटा आणते."

एल्डनने मान खाली घातली.

"थांब पोरी, वर काहीतरी अडकलंय," बर्टन म्हणाला. खोपटातली जुनी वाकडी सळई आणून त्याने धुराड्यात खुपसली. एक काळे, केसाळ गाठोडे धपकन खाली पडले. झटकले, तर त्यावर विणलेले तिरळे हरीण निघाले.

"माझा स्वेटर!" एल्डन ओरडला.

पंधरा वर्षांपूर्वी विनिफ्रेडने तो 'चर्चच्या विक्रीला दिला' होता. तेव्हापासून एल्डन दर रविवारी चर्चमध्ये लोकांच्या कोटांत डोकावत असे. बर्टनवर तर त्याचा पक्का संशय होता. आता त्याला उलगडा झाला: ही बाई दर वसंतात वारा अडवायला तो धुराड्यात कोंबायची, थंडी पडली की नवरा उठायच्या आत गुपचूप काढायची! शेवटच्या वेळी कोंबला आणि त्याच उन्हाळ्यात ती गेली, स्वेटर वरच राहिला.

एल्डन हसत सुटला आणि हसता हसता रडला. मग स्वेटर अंगात घालून त्याने पुन्हा काडी ओढली. धूर शहाण्यासारखा वर गेला. बंबवाले पावासकट सगळे खाऊन गेले. विटांचे नाव कोणी काढले नाही.

एप्रिलात कोरीन पुन्हा राहायला आली आणि खुंटीवरचा स्वेटर नाहीसा झाला.

"कोरीन, माझा स्वेटर कुठाय?"

कोपराची काजळी पुसत कोरीन म्हणाली, "चर्चच्या विक्रीला दिला."

"बरं केलंस," एल्डन म्हणाला आणि पहिल्यांदाच भांडला नाही.