कॅमच्या चाकावरचा टिळा

जेवून हात पुसत हेमराज गॅरेजात आला आणि जिप्सीच्या इंजिनाकडे पाहून जागच्या जागी थिजला. कॅमच्या, म्हणजे वरच्या, दातेरी चाकावर त्यानं नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिला होता. आता तिथे दोन होते.

"माय!" तो ओरडला. "इंजिनाले कोणं हात लावला?"

मागच्या घरातून पुष्पाबाई आरतीचं ताट घेऊनच बाहेर आल्या. "मीनं. पूजा केली. नांगराची करतो, मोटरपंपाची करतो, मंग यानं का घोडं मारलं? तेलातला शेंदूर लावला. पयलं काम आहे ना गा तुहं!"

पहिलं काम होतं हे खरं. श्यामलाल उस्तादाच्या गॅरेजात अकरा वर्षं पाने फिरवून हेमराजनं मुर्रीत स्वतःची पाटी लावली होती. निघताना उस्ताद एवढंच म्हणाला होता, "जा. तुही जागा खाली ठेवतो." ते शब्द अजून हेमराजच्या कानात खुपत होते. दुलीचंदच्या आठ जिप्सी नागझिरा अभयारण्याच्या गेटवरून पर्यटकांना जंगलात फिरवत. पावसाळ्यानंतर गेट उद्या सकाळी उघडणार होतं. ही जिप्सी रांगेत लागली, तर बाकीच्या सातही हेमराजकडे. नाही लागली, तर उस्तादाकडची ती रिकामी जागा होतीच.

आणि बेल्ट अजून चढायचा होता. वरच्या आणि खालच्या चाकाच्या खुणा जुळल्याशिवाय तो चढवायचा नसतो. दोन दात चुकले, की व्हॉल्वचं पिस्टनशी पटत नाही आणि ठिणगी भलत्याच वेळी पडते. म्हणून तर इंजिन खोलण्याआधी हेमराजनं खुणा केल्या होत्या. त्यानं बायकोला हाक मारली.

"चंचल, यातला तुहा कोणता?"

चंचलनं वाकून पाहिलं आणि तिचे डोळे विस्फारले. "अवो, माही बाटली तुमी नेली? दहा दिवसांपासून शोधून राहिली मी!"

"ते मंग पाहू. पयले सांग."

तिनं नखानं खरवडलं. "हा माहा. तो शेंदूर."

हेमराजनं चिंधीनं शेंदूर पुसून टाकला.

"देवाचा टिळा पुसू नोको, हेमराज," पुष्पाबाई म्हणाल्या.

"देवाले टायमिंग नाई समजत, माय."

पुष्पाबाई ताट घेऊन आत गेल्या. हेमराजनं नेलपॉलिशला नेलपॉलिश जुळवून बेल्ट चढवला.

तीन वाजता दुलीचंद हार आणि नारळ घेऊन हजर झाला. हेमराजनं किल्ली फिरवली. सायलेन्सरमधून असा काही धडाका निघाला, की दुलीचंदच्या हातातला नारळ सुटून आपोआप फुटला.

"गोली चली क्या रे?"

"नाई जी. थोडंसं टायमिंग," म्हणत हेमराजनं ठिणगीची वेळ लावणारा डिस्ट्रिब्यूटर जरासा फिरवला. या वेळी धडाका मागून न निघता पुढून निघाला. कार्बोरेटरनं जाळ ओकला आणि हेमराजची डावी मिशी गेली. शेजारच्या धुरपताबाईंची म्हैस खुंटा उपटून गोंदियाच्या दिशेनं निघाली. पुष्पाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि शेंदूर पुसलेल्या चिंधीकडे पाहू लागल्या. हेमराजला धडाक्यापेक्षा त्याचीच जास्त धास्ती वाटली.

दुलीचंदनं फोन काढला. तो कुणाला लावलाय हे कळताच हेमराजच्या तोंडचं पाणी पळालं. अर्ध्या तासात श्यामलाल उस्ताद मोपेडवरून उतरला. आधी त्यानं शिष्याची अर्धी मिशी पाहिली, मग इंजिन.

"खूण कोणती धरली?"

"माहीच. खोलाच्या आंधी लावली होती. जसंच्या तसं बसवलं, उस्ताद."

"गाडी आली तवा कशी चालत होती?"

"चालत कुठं होती? ठोकेच मारून राहिली होती."

"काऊन?"

हेमराजची नजर नेलपॉलिशच्या ठिपक्यावर गेली आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी आली तेव्हाच बेल्ट दात सोडून घसरलेला होता.

"म्हंजे बेमारीले नेलपॉलिश लावलं तू," उस्ताद शांतपणे म्हणाला. "अन् दहा दिवस मेहनत करून तेच बेमारी वापस बसवली. कंपनीची खूण काऊन नाई पाहिली?"

त्यानं चाकावरून बोट फिरवलं. नेलपॉलिशपासून दोन दात अलीकडे ते थांबलं. तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा होता. कंपनीनं ठोकलेली खूण. चिंधीनं पुसूनही खड्ड्याच्या तळाशी लाल रंग शिल्लक होता.

"इथं शेंदूर कोणं भरला?"

"मीनं," दारातून आवाज आला. "सारं चाक गुळगुळीत. टिळ्याले टिकाले जागा तं पायजे. तेवढीच भेटली."

हेमराजचे कान तापले. खाली मान घालून त्यानं बेल्ट उतरवला, आईच्या टिळ्याला खालच्या चाकाची खूण जुळवली आणि बेल्ट परत चढवला. उस्तादानं डिस्ट्रिब्यूटर जागेवर आणला. किल्ली अर्धी फिरली न फिरली, तोच इंजिन सुरू झालं आणि संथपणे गुरगुरत राहिलं.

"हेमराज, बाकी सातों भेज दूंगा," दुलीचंद म्हणाला. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "माताजी घर में ही रहती हैं ना?"

उस्ताद मोपेडवर बसला. जाता जाता थबकला आणि वळून बोलला, पण हेमराजशी नाही.

"पुष्पाबाई, माह्या गॅरेजात एक जागा खाली आहे. येता का?"

हेमराजच्या हातातला पाना खाली पडला. पुष्पाबाईंनी त्याच्या उरलेल्या मिशीकडे पाहिलं आणि पदरानं हात पुसले.

"नाई जी," त्या म्हणाल्या. "सात गाड्या येऊन राहिल्या. याच्याच्यानं एकट्यानं कसं होईन?"