साळवेमामांचा बारावा रुमाल

रविवारी साळवेमामांच्या खिशात बारा रुमाल असायचे आणि नाक पुसायला एकही नसायचा. सर्दी झाली तर कोटाची बाही. रुमाल होते ते उघड्या डोक्याने उपासनेला येणाऱ्या मुलींसाठी. मामा चर्चच्या दारात उभे राहून ते एकेकीच्या डोक्यावर टाकत. अकरा रुमाल वाटून होत. बारावा, कोटाच्या आतल्या खिशातला, कधीच बाहेर आला नाही. बारावी मुलगी आली तर तिला ते बाहेर उभं करत.

मामा सायखेड्याहून निवृत्त झालेले मास्तर, नाशकातल्या आमच्या मंडळीचे पंच. मामी गेल्यापासून एकटेच. सिनेमा नको, शेजारचा तिळगूळ नको, नवरीच्या हातात हिरव्या बांगड्या नकोत. का, विचारलं की एकच उत्तर, "ठराव झालाय!"

चर्चचे पाळकसाहेब एकदा वैतागले. "मामा, डोकं झाकायचं पवित्र शास्त्रात आहे. बांगड्यांचं कुठं आहे?"

"शास्त्रात नसेल साहेब, ठरावांच्या वहीत आहे. पंचांच्या सह्या आहेत!"

आणीबाणी उठली त्या वर्षी माझ्या बहिणीचं, मार्थाचं लग्न ठरलं आणि माझी झोप उडाली. मी मुळात भित्रा. त्यात लग्नाच्या सकाळी सटाण्याहून आलेल्या नवरदेवाच्या आजीने मार्थाच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. "माले भारी हौस शे, बेटी." म्हातारीला नाही म्हणायची कुणाची छाती होईना. मामांनी पूर्वी एका नवरीच्या बांगड्या दारातच उतरवल्या होत्या, असं आई सांगायची. ती नवरी कोण, ते मात्र सांगत नसे.

चर्चच्या दारात मामा दिसले. मार्थाला बाजूला घेऊन मी बांगड्या ओढायला लागलो.

"दादा, हळू!"

एक काढता काढता दोन वाढवल्या. आईचा चेहरा पांढराफटक पडला. लग्नाच्या दिवशी बांगडी वाढली तर आमच्या देवाला त्याचं काही नसतं, पण आईला होतं. मागे नवरदेवाची आजी डोळ्याला पदर लावून उभी.

मामा जवळ आले. मी घाईने म्हणालो, "काढतोच आहे मामा. ठराव माहीत आहे."

"मीच लिहिलाय तो. शास्त्रात कुठंय, ते सांग."

मी मार्थाचा हात सोडला.

"मलाही सापडलं नाही. तीस वर्षं शोधतोय."

त्यांनी आतल्या खिशातला रुमाल काढून उलगडला. आत दोन हिरव्या बांगड्या होत्या.

"याच दारात तुझ्या मामीला काढायला लावल्या मी. आमच्या लग्नात. पुढे मीच घाल घाल म्हणायचो. ती हसून म्हणायची, ठराव झालाय ना?"

मार्थाने हात पुढे केला. मामांनी बांगड्या सावकाश चढवल्या, एकही न वाढवता.

"तिचे हात तुझ्याएवढेच होते," ते म्हणाले. "डोक्यावरचा पदर सरकलाय, तो नीट घे. ते शास्त्रात आहे."

मग रिकामा झालेला बारावा रुमाल त्यांनी नाकाला लावला.