वामनकाकाजींची पुस्तकतपासणी

वामनकाकाजी पुस्तक कधी पहिल्या पानापासून उघडत नसत. अंगठा बरोबर मध्ये खुपसायचा, निघेल ते पान डोळे बारीक करून वाचायचं आणि मग पुस्तकाकडे असं बघायचं, की ते आत्ता खिडकीतून पळ काढणार आहे. "वरचा कापूस सगळ्याचाच पांढरा राह्यते," ते म्हणत. "माल मंधातून पाहा लागते."

त्यांची सगळी नोकरी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून गेली. गाडीत वर कोरडा कापूस आणि खाली ओला दडपलेला, हे हात घालून शोधता शोधता माणसाचा स्वभावच तसा झाला. निवृत्त झाल्यावर आमच्या आंजी गावच्या वाचनालयाची किल्ली त्यांच्या हाती आली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरंसोरं आयतीच त्यांच्या तावडीत सापडलो.

पुस्तक मागितलं की आधी उलटतपासणी. "काऊन पाह्यजे? कोनं धाडलं?" मग कैरीचे डाग आहेत का, म्हणून हात उलटेपालटे करून बघायचे. पुस्तक परत करतानाही तेच. मधलंच पान काढून, "हा वाघ इथं काऊन चिडला, सांग," असा प्रश्न. उत्तर आलं नाही की तेच पुस्तक पुन्हा घरी. उत्तर आलं तर मात्र कपाटासमोर बराच वेळ उभे राहून दुसरं काढत, आणि ते त्या पोराला हटकून आवडे. माझी मैत्रीण सुशी भुताला घाबरायची. तिला त्यांनी भुताचंच पुस्तक दिलं. त्यातलं भूत कुत्र्याला घाबरत होतं. सुशी अंधारात एकटी अंगणात जायला लागली.

मला मात्र एक पुस्तक मिळेना. निळ्या पुठ्ठ्याचं, एक मुलगी आणि तिची बकरी यांच्या गोष्टीचं. साऱ्या पोरींनी वाचलं होतं. मी मागितलं की, "थे तुह्यासाठी नाई."

"काऊन?"

"मी पाह्यलं न मंधातून."

संशयाच्या बाबतीत मीही काही कमी नव्हते. आमचं किराणा दुकान. आमच्या तेलात भेसळ आहे, असं काकाजी चारचौघांत बोलून दाखवत. म्हणजे राग दुकानावर आणि काढायचा माझ्यावर! त्यात त्या उन्हाळ्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आईचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. ती सेवाग्रामच्या दवाखान्यात, बाबा तिच्यापाशी, आणि मी आत्याच्या हवाली. "आई कधी येणार?" विचारलं की आत्या ताटात आणखी एक पोळी वाढायची.

शेवटी एका दुपारी मी वाचनालयाच्या पायरीवर ठाण मांडलं. पुस्तक मिळाल्याशिवाय हलणार नाही म्हणाले. काकाजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"घरी नेता येत नाई. मीच वाचून दाखवतो. बस."

मी लगेच सावध झाले. या माणसाने आजवर कोणाला चार ओळी वाचून दाखवल्या नव्हत्या.

काकाजी छापील भाषेत अडखळत वाचू लागले. बकरी हरवली, सापडली. मग गोष्टीतली आई आजारी पडली. तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. इथे काकाजी थांबले, माठातलं पाणी प्यायले. पुन्हा सुरुवात केली तेव्हा चष्मा कपाळावर होता आणि पान काही उलटत नव्हतं.

"मंग डॉक्टरनं तिले तपासलं. वरवर नाई, चांगलं मंधातून तपासलं. म्हने, माल एक नंबर आहे, घरी घेऊन जा."

कोणत्या पुस्तकातला डॉक्टर असं बोलतो?

"असंच लिहिलं आहे?" मी विचारलं.

"मंग? मी खोटं बोलून राह्यलो?" म्हणत त्यांनी पुस्तक मांडीखाली सरकवलं. कपाळावरून घाम ओघळत होता.

संध्याकाळी मी सुशीला गाठलं. ती सहज म्हणाली, "आई मरते न त्याच्यात. मी लय रडली."

मीही तिथेच तिच्या ओसरीवर बसून रडले. गोष्टीतल्या आईसाठी नव्हे. माझी आई पुढे बरी होऊन घरी आली, पण त्या संध्याकाळी ते कोणाला ठाऊक होतं? मला भीती वाटत होती, आणि ती भीती आख्ख्या गावात फक्त त्या संशयी म्हाताऱ्याने ओळखली होती. मला त्यांची फार माया वाटली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पायरीवर.

"काकाजी, काल वाचला तो शेवट परत वाचा न."

त्यांचे डोळे बारीक झाले. "काऊन वं?"

"आवडला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला सगळं कळलंय, हे त्यांना कळलं असावं. त्यांनी निळं पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"तं मंग आई घरी आली. आल्या आल्या पोरीवर वरडली, केस काऊन नाई विंचरले म्हनून. मंग चुलीपाशी बसली."

"अन् मग?"

"थांब, पाहून सांगतो."

काकाजींनी ते शेवटचं पानही उलटलं. पुढे नुसता कोरा पुठ्ठा होता. त्याच्यावर बोट ठेवून ते सावकाश वाचू लागले.