मिठाची शपथ

इन्साफबाईंनी विमानतळावरून येताना टॅक्सीतच भाषण पाठ केलं होतं. भाषण एका वाक्याचं होतं: "आमच्या वाएलचं तुमच्या लमीसशी जमायचं नाही, येते मी." हे दारातच बोलायचं, आल्या पावली मागे फिरायचं आणि संध्याकाळच्या विमानानं थेट इजिप्तला, आपल्या दुमियात गावी परत. मुलगा समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर कामाला होता, दोन आठवडे किनाऱ्याला येणार नव्हता. त्याला वास लागायच्या आत सोयरीक मोडायची होती.

त्यातून त्यांनी नवऱ्याच्या कबरीवर हात ठेवून शपथ घेतली होती की, त्या घरची भाकर आणि मीठ तोंडात घालणार नाही. ज्याच्या घरची भाकर आणि मीठ खाल्लं, त्याच्या घराचं वाकडं करायचं नाही, हे दुमियातमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून बाईंनी सुकी भाकर आणि मुरवलेलं खारट चीज अशी भरभक्कम शिदोरी बरोबर घेतली होती.

शारजात पाऊस सकाळपासूनच धो धो कोसळत होता. चौथ्या मजल्यावरचं दार लमीसच्या आजीनं उघडलं. उम्म नाझिम, वय पंचाहत्तर, कंबर वाकलेली, जीभ मात्र ताठ.

"मला एक बोलायचंय," इन्साफबाई म्हणाल्या.

"आधी जेवण, मग बोलणं. आम्ही अलेप्पोची माणसं, बाई. दारातल्या पाहुण्याला काम विचारायचं म्हणजे तोंडाला काळं फासून घेणं."

"अहो, एकच वाक्य आहे!"

"एक घास खा, मग शंभर वाक्यं बोल."

झाली का पंचाईत! खाल्लं तर ते वाक्य बोलायची सोय नाही, आणि खाल्ल्याशिवाय म्हातारी बोलू देत नाही. "राहू दे, निघते मी," म्हणून बाई तरातरा वळल्या, तर दिवे गेले आणि लिफ्ट बंद पडली. चार जिने उतरून पाहतात तो खाली गल्ली नव्हतीच. नदी होती. एक पांढरी मोटार आपली आपण फिरत कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात शिरत होती. विमानतळही बंद झाल्याचं रखवालदारानं सांगितलं. बाई चार जिने चढून परत वर आल्या, त्या रागानंच.

दुपारी ताट आलं. कवठासारख्या आंबटगोड सफरजल फळात शिजवलेला किब्बे होता. खिमा आणि दलियाच्या त्या गोळ्यांचा वास असा की कबरीतला नवरासुद्धा म्हणाला असता, खाऊन घे गं.

"माझं पोट बिघडलंय," इन्साफबाईंनी सांगितलं.

"बरं," उम्म नाझिम म्हणाल्या. पाहुण्यासाठी केलेलं मागे ठेवायची त्या घरची रीत नव्हती. सगळं पातेलं तिसऱ्या मजल्यावरच्यांकडे गेलं. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं आणखी इरेला पेटून चेरीच्या रसातले कबाब केले. तेही नाकारले गेले आणि दुसऱ्या मजल्यावर पोचले. फ्रिज बंद, दुकानं पाण्यात, लमीसचा बाप कारखान्यात अडकलेला. तरी म्हातारीचं स्वयंपाकघर धडधडत होतं.

इन्साफबाई चहा मात्र पीत होत्या. चहात मीठ नसतं, एवढं शरीयतही मान्य करील. अकरा कप झाले. भाकर आणि चीज त्या गच्चीत जाऊन चोरासारख्या खात होत्या. लमीस पोरगी शाळेत शिकवणारी, अबोल. तिनं न विचारता आपली उशी आणून दिली, तेव्हा बाईंना उगाच तिचा राग आला. पोरगी वाईट असती तर किती बरं झालं असतं!

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या कप ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या. फडताळं उघडी होती, डबे पालथे. उम्म नाझिम स्टुलावर बसून साखरेचं गरम पाणी पीत होत्या.

"तुम्ही कधीपासून जेवला नाहीत?"

"जेवले मी."

"काय जेवलात? कपाळ?" इन्साफबाईंनी आपली शिदोरी आणून धाडकन ओट्यावर सोडली. "खा!"

"नाही खाणार. तुझ्या घरचं मीठ खायचं नाही अशी शपथ आहे माझी."

"का?"

"खाल्लं की संपलं! मग माझी लमीस तू दुमियातला घेऊन गेलीस तरी ब्र काढता यायचा नाही. लढाईत गाव सुटलं, घर सुटलं, आता ही एक नात आहे माझ्याजवळ. ती नाही द्यायची मी कुणाला! तू माझं मीठ खावंस म्हणून तीन दिवस राबतेय. खाल्लं असतंस, तर माझ्या घरातून तिला न्यायची तुझी छाती झाली नसती."

"अहो, पण मी सोयरीक मोडायलाच आलेय!" इन्साफबाई ओरडल्या. "नवऱ्यानं मरायच्या आधी वाएलसाठी अक्रोडाचा पलंग कोरून ठेवलाय. माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर सात वर्षं रिकामा पडलाय. पोरगं इथंच लग्न करून बसलं, तर त्या पलंगाकडे बघत मी मरू?"

म्हणजे दोघींनाही हे लग्न नकोच होतं! मग म्हातारी अशी काही हसली की कवळी सावरावी लागली. इन्साफबाईही हसल्या. तीन दिवसांचा ताण सुटला आणि भूक खवळली. चीजची पुरचुंडी सुटली, भाकर मोडली, उम्म नाझिमनी मिठातल्या ऑलिव्हची शेवटची बरणी काढली. "मोडली म्हणजे मोडली!" म्हणत दोघींनी एकाच ताटात हात घातला.

"पोटभर जेवा," दारातून लमीस म्हणाली. ती ताटाकडे बघत होती. "भाकर आणि मीठ. तेही एकाच ताटात."

दोघींची तोंडं चालायची थांबली.

"हे माझंच चीज आहे," इन्साफबाई घाईनं म्हणाल्या.

"आणि गालात ते ऑलिव्ह कुणाचं आहे, मावशी?"

इन्साफबाईंनी ते गिळलं. दुसरा इलाज नव्हता.

"बरं, होऊ दे लग्न. राहतील मात्र दुमियातला!"

"माझ्या मढ्यावरून! इथंच राहतील. पलंग जहाजात घालून इकडे पाठव, विहीणबाई!"

"पलंग तसूभर हलणार नाही!"

असा अर्धा तास गेला. खाली पाणी वीतभर उतरलं होतं. इन्साफबाईंनी आणखी एक ऑलिव्ह उचललं आणि मान वळवून, कुणाला विचारत नसल्यासारखं विचारलं, "तो परवाचा किब्बे… थोडासुद्धा उरला नाही का हो?"

"तिसऱ्या मजल्यावरच्यांनी पातेलं चाटलं," उम्म नाझिम म्हणाल्या. "आता लग्नात करीन."