ओळीतला थांबा

पुन्हा पुन्हा सांगायला लावता, म्हणून एकदाच लिहून टाकतो. माझ्या अर्जाची ओळ बावीस किलोमीटर लांब झाली आणि कर्सर तेराव्या किलोमीटरला खाली बसला. कर्सर म्हणजे कॉम्प्युटरवरची ती लुकलुकणारी उभी काडी.

मी बत्तीस वर्षं बस चालवली. शाळा चौथीपर्यंत. आगारानं बोरखडीचा थांबा बंद करायची नोटीस लावली. हरकत शुक्रवारी पाचच्या आत द्यायची. बोरखडीत माझी बहीण गिरजा राहते. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिसला तालुक्याला जाते. दुसरी गाडी नाही.

बुधवारी टायपिंगवाल्या नंदिनीला अर्ज सांगायला बसलो. ती म्हणाली, "तात्या, मधे मधे एंटर मारते, म्हणजे नवी ओळ सुरू होईल."

मी म्हटलं, "मंजूर थांबा नसेल तिथं गाडी उभी करायची नाही. चल पुढं."

संध्याकाळपर्यंत एकच ओळ झाली. ओळीच्या टोकाला गावाचं आणि प्रवाशांचं नाव तेवढं घालायचं राहिलं. गुरुवारी फाईल उघडली, कर्सर सकाळीच ओळीच्या सुरुवातीपासून त्या टोकाकडं निघाला आणि दुपारी तेराव्या किलोमीटरला पडदा गोठला. नंदिनीनं अक्षरांचे रंग काढून पाहिले, टपावरचं सामान उतरवतात तसे. फरक नाही.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"ड्युटी संपली म्हणतोय. थांबा द्या, मग बघू."

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी आगारप्रमुख लोखंडे साहेबांकडं गेलो.

"साहेब, ओळीत एक थांबा मंजूर करा."

त्यांनी नियमाचं पुस्तक उघडलं. "प्रवासी किती?"

"एक. कर्सर."

"एकासाठी थांबा नाही. दोन लागतात. तुमची बोरखडी त्यातच गेली."

"बोरखडीचा एक प्रवासी म्हणजे माझी बहीण आहे, साहेब. आजारी आहे."

"मग बसवा की दोघांना एका गाडीत!" साहेब हसले. मग सगळं ऑफिस हसलं.

मी हसलो नाही. शुक्रवारी दुकानात गेलो आणि कर्सर बसला होता तिथंच नंदिनीला एंटर मारायला लावला. मंजुरीशिवाय गाडी उभी केली, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. ओळ तुटली. कर्सरनं दहा मिनिटं पाठ टेकली आणि उरलेले नऊ किलोमीटर चार चाळीसला संपवले. शेवटी लिहिलं : बोरखडी. प्रवासी दोन, गिरजा आणि कर्सर.

आठ दिवसांनी कागद आला. नियमात बसतंय, दोन्ही थांबे मंजूर.

आता गिरजा गाडीत चढते तेव्हा कर्सर खिडकीशी बसलेला असतो. अंगानं बारीक, म्हणून कंडक्टर त्याला अर्धं तिकीट देतो. तेराव्या किलोमीटरला गाडी थांबते, तो उतरून पाय मोकळे करतो. परतीला गिरजाला थकव्यानं बोलवत नाही. तोही मग गप्प लुकलुकत बसतो.

उशीर केल्याबद्दल कर्सरनं माझी माफी मागितली, तो विषय संपला. लोखंडे साहेबांनी अजून मागितलेली नाही.